रीमास्टरमध्ये नसलेले चौदा सेकंद

निकाल आधी सांगतो. मूळ कॅसेट विरुद्ध रीमास्टर या सामन्यात रीमास्टर दोन विरुद्ध शून्य मतांनी जिंकला. मूळ कॅसेट ऐनवेळी पूर्ण हजर राहू शकली नाही.

हा निकाल लागलेलाच नाही असं धरून पुढे वाचावं. मीही सध्या तसंच धरून चालतोय.

आमचा 'मूळ की रीमास्टर, नाशिक विभाग' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. जुना अल्बम नव्याने साफ करून बाजारात आला की आम्ही जुना आणि नवा दोन्ही ऐकतो आणि मत देतो. सभासद तीन होते. मी, शेखर आणि माझा दुसरा नंबर. शेखर ओझरच्या विमान कारखान्यात होता. विमानांच्या आवाजात त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे त्याला नेहमी रीमास्टर आवडायचा. लग्न झाल्यावर तो ग्रुपमधून बाहेर पडला.

"राग मानू नको हुजैफा," तो म्हणाला, "पण पूजा विचारते, तो तिसरा मेंबर कधी काही बोलत का नाही."

आता आम्ही दोघंच आहोत, मी आणि दुसरा नंबर. तो सहसा माझ्याशी सहमत असतो. एकदा नव्हता, तेव्हा आम्ही चार दिवस बोललो नाही.

यंदा एका जुन्या कव्वालीच्या अल्बमचा रीमास्टर आला. नाव सांगत नाही, कंपनीशी पत्रव्यवहार सुरू आहे. त्याची कॅसेट आमच्या घरी होती. अब्बांनी तिच्या वरच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबलेला होता. विकतच्या कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून ती खाच असते आणि भरता यावं म्हणून बोळा. तिच्यावर त्यांना मशिदीतली तकरीर, म्हणजे प्रवचन, भरायची होती. ते राहिलं, बोळा राहिला. मी सहा वर्षांचा असताना टू-इन-वनचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि चौदा सेकंद दाबूनच ठेवलं. त्या चौदा सेकंदांत आधी भांडी वाजतात, मग माझी अम्मी, रोशनबी, म्हणते, "हुजैफा, वो रख. पहले इधर आ. तेरेकू एक बात..." आणि कव्वाल पुन्हा सुरू होतो, काही झालंच नाही अशा थाटात.

दोन वर्षांनी अम्मी गेली. मी तिची कॅसेट ऐकत मोठा झालो आणि बटणाचं विसरून गेलो. मला वाटायचं, कव्वालीच तशी आहे. सगळ्या लोकांच्या कॅसेटमध्ये तिसऱ्या कव्वालीत माझी अम्मी येते, भांडी वाजवते आणि जाते. अकराव्या वर्षी विंचूरला एका लग्नात तीच कव्वाली लागली. मी स्पीकरजवळ जाऊन थांबलो. ती जागा आली आणि कव्वाल सरळ गात पुढे गेला. मी स्पीकरवाल्याला म्हणालो, तुमची कॅसेट खराब आहे, हिच्यात माझी अम्मी नाही.

"बाळा, अम्मी मंडपात असेल. जाऊन बघ," तो म्हणाला.

मी जाऊन बघून आलो.

त्यामुळे रीमास्टर आला तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी ऐकणं भाग होतं. आमचा टू-इन-वन केव्हाच गेला होता. मागे एकदा मी त्यावरून फोनमध्ये रेकॉर्डिंग केलं होतं, पण माझा फोन हुशार आहे, आजूबाजूचा गोंगाट आपणहून कमी करतो. अम्मी गोंगाटात मोडली. म्हणून कॅसेट घेऊन मी शालिमार चौकाच्या मागे सोमनाथकडे गेलो. तो मिक्सर, टीव्ही आणि आता कुणाला न लागणारी सगळी यंत्रं दुरुस्त करतो. म्हणालो, हिची फाइल करून दे, जशी आहे तशी. 'जशी आहे तशी' हे मी दोनदा बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी गेलो तर सोमनाथ खुशीत होता.

"हुजैफाभाई, एक नंबर काम झालंय. टेप एका जागी चुरगळलेली होती, मशीनमध्ये अडकायची. वर गाण्यात कुठल्या तरी बाईचा आवाज घुसलेला. तेवढा तुकडा कापला अन् जोडून टाकली. फाइलमध्ये ती जागा नव्या रीमास्टरमधून भरली. बघा, सांधा कळतो का?"

सांधा कळत नव्हता. कव्वाल सरळ गात पुढे गेला.

"तुकडा कुठंय?"

"कचऱ्यात."

"कचरा कुठंय?"

"घंटागाडीत. सकाळीच गेली."

"गाडी कुठंय?"

"आता तुम्ही मला शहराचा नकाशा विचारताय," सोमनाथ म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "कामाचा होता का तो? कोण होती ती?"

त्याने दोन दिवस मान मोडून काम केलं होतं. समोर चहाही मागवून ठेवला होता.

"कोरसमधली असेल," मी म्हणालो.

"असेल. पण सुरात नव्हती."

कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. म्हणजे अम्मी साधारण सहासष्ट सेंटिमीटर होती. चहा पिता पिता मी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, की ती बाई शेवटी काय म्हणत होती.

"'एक बात' असं काहीतरी."

"आणि पुढे?"

"पुढे काय, गाणं."

तिला शेवटचं ऐकलेला माणूस सोमनाथ. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असणार, कारण त्याने बिस्किटाची पुडी माझ्याकडे सरकवली.

घरी येऊन अब्बांना फोन लावला. ते नामपूरला असतात. माझ्याशी फोनवर मराठीत बोलतात, कारण बाजार समितीत तीस वर्षं कांदा मापून फोन म्हणजे मराठी असं त्यांच्या डोक्यात बसलंय.

"बोल, काय शे?"

मी विचारलं, मी लाल बटण दाबलं होतं त्या दिवशी अम्मी मला काय सांगणार होती.

"'सेल संपतील, बंद कर.' दुसरं काय?"

"त्यासाठी 'एक बात' म्हणायची का ती?"

पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर मागे घेत होतं. अब्बांनी आधी त्याला 'येऊ दे, येऊ दे' केलं.

"नाही," ते म्हणाले. "त्यासाठी थेट चप्पल."

"मग काय असेल?"

"रोज एक बात राहायची तिची. त्यातली ही कोणती, मी कसं सांगू? मलाही ती अर्धीच सांगायची. कुकरची शिट्टी झाली की उठून जायची."

फोन ठेवल्यावर मी दोन्ही ऐकले, आधी रीमास्टर, मग सोमनाथची फाइल. रीमास्टरमध्ये तबला स्पष्ट आहे, टाळ्या मोजता येतात, कव्वालाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. फाइलमध्ये खरखर आहे आणि तिसऱ्या कव्वालीत मधेच चौदा सेकंद खरखर नाही. सगळ्यात स्वच्छ जागा तीच. मी ती सतरा वेळा ऐकली. मग ग्रुपवर मतदान घेतलं. मी रीमास्टरला मत दिलं. दुसरा नंबर बराच वेळ 'टायपिंग' दाखवत होता. शेवटी त्यानेही रीमास्टरलाच दिलं आणि मी त्याला कारण विचारलं नाही.

कंपनीला पाठवलेल्या अर्जाची प्रत खाली देत आहे.

मा. व्यवस्थापक, जुने संगीत विभाग यांसी,

महोदय, विषयांकित अल्बमच्या पहिल्या बाजूवरील तिसऱ्या कव्वालीत, दोन मिनिटे एकेचाळीस सेकंदांनंतर सुरू होणारे श्रीमती रोशनबी महेबूब यांचे निवेदन आपल्या रीमास्टर आवृत्तीत आढळून येत नाही. सदर निवेदन 'तेरेकू एक बात' या शब्दांवर अपूर्ण राहिलेले असून पुढील मजकूर अर्जदाराकडे उपलब्ध नाही. तरी पुढील आवृत्ती काढताना सदर वाक्य पूर्ण करून मिळावे, ही नम्र विनंती. वाक्य लांब असल्यास त्या प्रमाणात कव्वाली कमी करण्यास अर्जदाराची हरकत नाही.