एकतीस उपाशी मुलं

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या बत्तीसपैकी एकतीस मराठी मुलांना डिप्रेशन आहे, असं २००६ च्या ऑक्टोबरात कागदोपत्री सिद्ध झालं आणि लतिकाची झोप उडाली. नागपूरहून पीएचडीला आलेली ही मुलगी. मुलांचं डिप्रेशन मोजायची अमेरिकन प्रश्नावली आपल्या मुलांना कितपत लागू पडते, हा तिचा विषय. घरोघरी चहा पीत तिने आयांकडून कागद भरून घेतले होते. आता तिच्या प्रोफेसर बाईंनी फर्मान काढलं होतं की आकडे इतके वर असतील तर सोमवारी एकेका मुलाच्या शाळेला पत्र जाणार. "काही होत नाही हो काकू, नुसता कागद आहे," असं सांगून जिने सह्या घेतल्या, तिला मग गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

कागद पुन्हा चाळताना मात्र तिला हसू फुटलं. मूल नीट जेवत नाही? एकतीस आयांनी ठोकून दिलं होतं, नेहमी. कशात मन लागत नाही? नेहमी. अहो, कुठली मराठी आई आपण होऊन सांगेल की आमचा बाळ पोटभर जेवतो आणि मजेत असतो? दृष्ट नाही लागणार? कांचनकाकूंचा प्रसन्न चांगला गुटगुटीत, पण कागदावर बिचारा हवा खाऊन जगत होता.

बाईंना हे तोंडी पटेना. "डेटा आण," त्या म्हणाल्या. मग शनिवारी, मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात, लतिकाने जिलब्यांची परात स्वतःकडे ओढून घेतली. वाढता वाढता ओढणीआडच्या वहीत गुपचूप रेघा ओढायच्या, असा तिचा बेत होता.

"काकू, प्रसन्न जेवतो का हो हल्ली?"

"कुठलं गं! चिमणीएवढं खातो. डॉक्टरांना पण कन्सल्ट केलं."

"कॅन आय हॅव टू मोअर?" प्रसन्नने ताट पुढे केलं. सातवी आणि आठवी. लतिकाने शांतपणे दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या फेरीत परातीचा तळ दिसला. एकतीस उपाशी मुलांनी एकशे चौदा जिलब्या फस्त केल्या होत्या. आता एकतीस पत्रं थांबणार याची लतिकाला खात्री झाली, आणि बाईंचा चेहरा कसा होईल या विचाराने तिला गुदगुल्या होऊ लागल्या.

मग ती बत्तिसाव्या ताटापाशी आली. अकरा वर्षांच्या स्वानंदीची पहिली जिलबी तशीच होती. पुरीचे बारीक तुकडे करून तिने ताटाच्या कडेने मांडून ठेवले होते.

"नको का गं?"

"आय ॲम फाइन, मावशी." ती शहाण्यासारखी हसली.

अख्ख्या गठ्ठ्यात हिच्याच आईचा, रत्नाचा, कागद लख्ख होता. जेवते, हसते, खेळते, त्रास काही नाही. फक्त हिच्याच शाळेला पत्र जाणार नव्हतं. लतिकाचा सगळा चावटपणा जागच्या जागी जिरला.

रत्ना चहाच्या टेबलापाशी एकटीच पेले मांडत होती. "रत्नाताई, स्वानंदी..." लतिकाने सुरुवात केली. रत्नाने इकडेतिकडे बघितलं.

"जूनपासून असंच आहे," ती हळूच म्हणाली. "झोपत नाही. शाळेतून आली की रूमचं दार लावून बसते."

"मग फॉर्मवर का नाही लिहिलंत?"

रत्नाने कांचनकाकूंकडे पाहिलं. त्या प्रसन्नच्या तोंडाला लागलेला पाक पुसत होत्या.

"त्यांचं काय, त्या लिहितील. त्यांच्या मुलांना काही झालेलंच नाहीये. मी कशी लिहू?"

लतिकाला रडू आलं. आपण इतका वेळ हसत होतो याची तिला लाज वाटली. तिने परात खाली ठेवली.

"सोमवारी तिच्या शाळेत मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पत्रबित्र काही नको."

रत्नाने हातातला पेला टेबलावर ठेवला.

"किती वाजता?" तिने विचारलं.