उडीवरचा ड्रोन

हिमानी आणि तिचा मोठा भाऊ शंतनू पुंडलिकनगरमधल्या घरूनच लग्नाच्या शूटिंगचा धंदा चालवायचे. ड्रोन उडवायची ती, जमिनीवरचे कॅमेरे तो बघायचा. फुलंब्रीजवळच्या माळावर मोटरसायकलच्या शर्यती भरवणाऱ्या काकासाहेबांनी यंदा त्यांना बोलावलं, तेव्हा शंतनू हरखून गेला.

हिमानीनं सकाळीच अट घातली होती. ड्रोन ट्रॅकच्या बाहेरून, दोरीच्या कडेनं उडेल. कुणाच्याही डोक्यावर नेणार नाही.

"तुम्ही म्हणाल तसं, ताई," काकासाहेब म्हणाले होते.

सुरुवातीच्या शर्यती तिनं तशाच टिपल्या. मातीच्या मोठ्या उंचवट्यावरून गाड्या हवेत झेपावत होत्या आणि स्टेजजवळच्या पडद्यावर लांबून दिसत होत्या. फायनलच्या आधी काकासाहेब तणतणत आले.

"ताई, हे काय वरातीचं शूटिंग आहे? गाडी हवेत गेली की कॅमेरा पार तोंडासमोर पाहिजे."

"वारा सुटलाय, काकासाहेब. धुळीत ड्रोन मला धड दिसतही नाही. तिथं खाली आणला आणि वाऱ्यानं ढकलला, तर थेट माणसावर जाईल."

"हेल्मेट असतंय की सगळ्यांना."

"मी नाही आणणार."

काकासाहेबांनी तिच्याकडं पाठ केली. "शंतनूराव, तुम्हाला जमतं का?"

"जमतं की," शंतनू म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातून रिमोट ओढून घेतला.

"दादा, तू कधी वाऱ्यात उडवला नाहीस."

"हातचं काम घालवतेस का? गप बस जरा."

ती झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडं पळाली. शर्यत थांबवा म्हणाली. तो म्हणाला, "काकासाहेबांना विचारा." तोवर गाड्या सुटल्या होत्या.

फायनलमध्ये एकच मुलगी होती, फुलंब्रीची श्रेया. ती दुसऱ्या नंबरवर होती. उंचवट्यावरून तिची गाडी उडाली, तेव्हा ड्रोन तिच्या समोर खाली येत होता. वाऱ्यानं तो आडवा फेकला गेला आणि तिच्या खांद्यावर आदळला. ती गाडीसकट खाली आली. मागून उडालेली गाडी तिच्या पायावर उतरली.

"तोल गेला! श्रेयाचा तोल गेला!" लाउडस्पीकरवरून आवाज आला. लोक मोबाइल वर धरून बघत होते.

शहरातल्या दवाखान्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हिमानी भेटायला गेली, तेव्हा श्रेयाचे वडील रामकिसन बाहेर बाकावर बसले होते.

"गुडघा आता वाकायचा नाय, म्हणले डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "गाडी तर सोडाच. तिला नाय सांगितलं अजून. तुम्ही बी बोलू नका, पाया पडतो."

हिमानी आत गेली. "श्रेया, पोलिसांना खरं काय ते सांग. मी साक्ष देते. दादाचं नावसुद्धा घेईन."

"जबाब दिला, ताई. तोल गेला म्हणून सांगितलं."

"असं का केलंस?"

"काकासाहेब आलते. म्हणले, केस झाली तर शर्यती कायमच्या बंद. आमच्याकडं पोरीला उतरू देणारी ती एकच शर्यत हाय." ती हसली. "पाय बरा झाला की मला परत उतरायचंय."

गुडघ्याचं खरं हिमानीच्या ओठांवर आलं होतं. दारात रामकिसन येऊन उभे होते. "काळजी घे," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

दवाखान्यातून ती सरळ पोलीस ठाण्यात गेली. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "जखमी मुलगी स्वतः म्हणते तोल गेला. मग तुमचं काय दुखतंय?"

शंतनूला हे कळलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट सरकवलं. "सख्ख्या भावाला आत घालायला निघालीस?"

"ती पोरगी जन्मभर लंगडणार आहे, दादा."

"वारा माझ्या हातात होता का?"

त्यानंतर तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. हिमानीनं धंदा सोडला आणि छावणी भागातल्या एका फोटो स्टुडिओत नोकरी धरली. काकासाहेबांच्या पुढच्या शर्यतीला शंतनूच गेला. जाहिरातीत त्यांनी श्रेया हवेत असतानाचा क्षण वापरला होता, ड्रोन लागायच्या जरा आधीचा.

ती जाहिरात सगळीकडं फिरत होती तेव्हा श्रेयाचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"ताई, माझा गुडघा वाकणार नाय, हे तुम्हाला तवाच ठाऊक होतं?"

"हो."

"काकासाहेबांना?"

"त्यांनाही असणार."

"मला एकटीलाच ठाऊक नव्हतं, व्हय?"

"श्रेया, अजूनही जबाब बदलता येईल. आपण दोघी जाऊ."

"आता कशाला? तवा बोलला असता, तर मी लगेच जबाब बदलला असता. तुम्ही बी त्यांच्यातल्याच निघाल्या."

फोन बंद झाला. हिमानीनं पुन्हा लावून पाहिला. श्रेयानं उचलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.