सोनाजीचं पाणी तोडलं तेव्हा

मी सोनाजी मेंढपाळाचं लहान आतडं बोलतोय. नाव लहान, पण उलगडलं तर पंधरा-वीस फूट भरेन. चित्रात मला वेटोळं घालून बसलेलं दाखवतात. बसतो कुठला! साठ वर्षांत एक क्षण उसंत नाही.

माझा धंदा सोडायचा आणि घ्यायचा. भाकर खाली आली की मी माझा रस सोडतो, पित्त येऊन मिळतं, स्वादुपिंडाचा रस मिळतो आणि भाकरीचं पार पाणी होतं. माझ्या आतल्या अंगाला मखमलीसारखी लव आहे. ती त्यातलं सत्त्व टिपून रक्ताला देते. या खटाटोपात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी माझ्यातून जातं. सोनाजी पितो ते थोडं, बाकीचं त्याच्याच अंगातलं. त्यातलं बहुतेक मी परत घेतो. उरलेलं मोठं आतडं टिपतं. लांबीला माझ्या पाव, पण नाव मोठं!

जीव लावणाऱ्याला माणसं ‘आतड्याचं माणूस’ म्हणतात. आतड्याला मात्र कुणी विचारत नाही.

यंदा उन्हाळ्यात सोनाजीनं पडेगावच्या पुढं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. तहान लागली म्हणून तो खदानीतलं पाणी ओंजळीनं प्याला. मेंढरं पितात, मग आपल्याला काय होतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी मला काय झालं तेच कळेना. त्या पाण्यातल्या जंतूंनी विष सोडलं आणि माझे रसाचे नळ उघडेच राहिले. बंद करायला जावं तर बंद होईनात. सोनाजी टमरेल घेऊन बांधाकडं पळायचा, परत यायचा, टेकतो न टेकतो तोच पुन्हा पळायचा. मला लाज वाटत होती, आणि भीतीही.

त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली, “कोकराला हगवण लागली तर आपण काय करतो? आईपासून तोडतो. आज तोंडाला काय बी लावू नका. बसतं पोट.”

“व्हय,” सोनाजी म्हणाला. “वरून घालायचं नाय, म्हंजे खालून यायचं नाय.”

चाळीस वर्षं कळप राखलेली माणसं ती, त्यांना कोण शिकवणार? कोकरांचं मला ठाऊक नाही. माझं सांगतो. वरून थेंब येत नव्हता तरी मी सांडतच होतो, आणि सांडत होतो ते त्याच्या रक्तातलं पाणी होतं.

दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, पिंढऱ्यांत गोळे आले. सकाळपासून लघवी नाही. मी आतून ओरडत होतो, अरे, पाणी द्या! पण माझी बोली म्हणजे गुडगुड. ती ऐकली की सुगंधाबाई तांब्या आणखी लांब सरकवायची.

तेवढ्यात सून रत्नमाला गावातून आशाताईकडची मीठ-साखरेची पुडी घेऊन धावत आली. लिटरभर स्वच्छ पाण्यात तिनं ती अख्खी विरघळवली.

“पाजू नको गं! मारशील त्यास्नी!” सुगंधाबाईनं तिचा हात धरला.

“आत्याबाई, माझ्यावर लई रागवा, पण पाणी तोडू नका. दवाखान्याची गाडी येतीया, तवर तरी देऊ द्या. मामा, आ करा.”

पहिला चमचा आला. माझे नळ बिघडले होते, पण एक दार शाबूत होतं. मीठ आणि साखर हातात हात घालून आली की ते उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरतं. मी अधाशासारखं ओढलं. एकीकडून सांडत होतो, दुसरीकडून घेत होतो. मधेच त्याला उलटी झाली. रत्नमाला जरा थांबली, आणि पुन्हा चमचा पुढं केला.

दवाखान्यात सलाईन लागलं, मला वगळून थेट शिरेत. मला राग नाही, तेव्हा माझ्या एकट्याच्यानं झालं नसतं. संध्याकाळी सुरेखा सिस्टरनं विचारलं, “आजोबा, लघवी झाली का?”

“झाली,” सोनाजी लाजत म्हणाला.

सुगंधाबाई पदरात तोंड घालून रडली. “म्याच पाणी तोडलं तुमचं.”

“म्या बी व्हय म्हणलं की.”

ती रडत राहिली आणि मी आत चुळबुळत राहिलो. तिनं पाणी रोखलं, पण सांडलं तर मीच. मला त्याला मारायचं नव्हतं हो!

म्हणून हात जोडून सांगतो, जुलाब लागले तर मला कोरडं ठेवू नका. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट देत राहा आणि दवाखाना गाठा. मी कितीही सांडत असलो तरी तेवढं घेतोच.

तिसऱ्या दिवशी सोनाजीनं पोटावर हात ठेवला. “पोटात कायतरी लई हलतंय गं.”

सुगंधाबाईचा चेहरा पडला. “पुन्यांदा?”

“नाय गं. भूक लागली. भाकर हाय का?”

बरं, येतो मी. पहिला घास गिळलाय त्यानं, मला रस सोडायला हवा.