फोटोतला चौथा

मित्रांनो, मी बारा गावचं पाणी प्यालेला एक म्हातारा टांग्याचा घोडा आहे. नाव तुफान. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. या नावाचं सार्थक आयुष्यात एकाच दिवशी झालं आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे. एक मात्र बजावून ठेवतो, माझी कीव करायची नाही. कीव करणारी माणसं कधी मूठभर हरभरा घेऊन येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तरुणपणी मी देखणा होतो. बदामी रंग, कपाळावर पांढरा टिळा, पाय सरळ. पण माझ्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा आहे. जाणती माणसं त्याला आसुढाळ म्हणतात. असा घोडा दारात बांधला की घरात रडारड होते, अशी समजूत. झालं! पहिल्या मालकाचे आजोबा वारले. नव्वदीचे होते हो, तरी खापर फुटलं माझ्या भोवऱ्यावर. दुसऱ्या मालकाची विहीर आटली. तीही मीच पिऊन टाकली असणार! शेवटी जत्रेच्या बाजारात मला कोणी हात लावेना. तेव्हा नगरचा कारभारी टांगेवाला आला. त्यानं भोवरा पाहिला, मग खाली बसून माझे चारही खूर उचलून पाहिले आणि म्हणाला, "डोळ्याखाली काय का आसंना, मला पाय पायजेत."

त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर त्याचा टांगा ओढायला तयार होतो. तरी गिऱ्हाईक बिचकायला नको म्हणून त्यानं माझ्यासाठी चांगली रुंद ढापणं शिवून घेतली. घोड्यानं आजूबाजूला बघू नये म्हणून डोळ्यांशेजारी चामड्याचे तुकडे लावतात, ती ढापणं. माझी इतकी मोठी की डोळ्याबरोबर भोवराही झाकला जाई. माझ्या टांग्यात नवऱ्या बसल्या, बाळंतिणी बसल्या, कुणाचं काही वाकडं झालं नाही. पण मी कायम धास्तीत. ढापण जरा सरकलं की मी मान वळवून गाल लपवायचो.

हिवाळा आला की मात्र आमची चंगळ असे. कापड बाजारात आप्पासाहेबांचं फोटोचं दुकान होतं. माणूस तिरसट, पण हात सोन्याचा. थंडीत खेड्यापाड्यांतून नवी जोडपी नगर बघायला यायची. त्यांना आणि आप्पासाहेबांना घेऊन आम्ही चक्कर मारायचो. मित्रांनो, हिवाळ्यात नगरचे फोटो कुठे काढावेत हे मला विचारा, आप्पासाहेबांना नको. सकाळी फराहबाग. तळ्याच्या मधोमध जुना महाल, आणि धुकं उठायच्या बेतात असलं की तो पाण्यावर उभा आहे की हवेत, हेच कळत नाही. ऊन जरा वर आलं की भुईकोट किल्ला. खंदकाच्या पलीकडे तटावर तिरपं ऊन पडतं आणि एकेक चिरा वेगळा दिसतो. आणि सगळ्यात शेवटी चांदबीबीचा महाल. पाथर्डीच्या रस्त्याला, डोंगराच्या माथ्यावर. भोवती पिवळं पडलेलं गवत, वर निळंशार आभाळ आणि खाली सगळं नगर. आप्पासाहेब कॅमेऱ्याचं स्टँड कुठे रोवणार हे मला इतकं पाठ झालं होतं, की मी न सांगता तिथेच थांबायचो.

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. लढाई सुरू झाल्याचं आदल्या रात्रीच रेडिओवर सांगितलं होतं. माळीवाड्याच्या स्टँडवर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तेवढ्यात आप्पासाहेब तीन माणसांना घेऊन आले. गोरक्ष नावाचा जवान, लग्नासाठी सुट्टीवर आलेला. त्याची बायको राहीबाई, हाताची हळदसुद्धा उतरली नव्हती. आणि त्याची आई भीमाबाई. गोरक्ष तिचा एकुलता एक. दिवस मावळायच्या आत त्याला कॅम्पात हजर व्हायचं होतं, आणि तिथून थेट लढाईवर.

"जायच्या आधी एक फोटो पायजे," गोरक्ष म्हणाला. "घरी ऱ्हाईल."

अडचण अशी, की पहाटेपासून आप्पासाहेबांच्या दुकानात जवानांची रांग लागली होती. जो तो घरी ठेवायला फोटो काढून घेत होता. रीळ संपलं होतं आणि नवं कुठे मिळेना. कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. "चुकला तर चुकला. मग माझ्या नावानं शंख करायचा नाही," आप्पासाहेब म्हणाले.

आम्ही फराहबागेत गेलो. धुकं दाट होतं. आप्पासाहेबांनी तिघांना उभं केलं, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि भीमाबाई एकदम ओरडली, "थांबा! आमी तिघंच हाय की!"

तुम्हाला ठाऊक असेल, तिघांचा फोटो काढत नाहीत. तिघांतला एक जातो म्हणतात. आणि जायला निघालेला कोण होता, हे त्या तळ्याकाठी सगळ्यांनाच माहीत होतं.

"मी बाजूला हुते. तुमी दोघं ऱ्हावा," भीमाबाई म्हणाली.

"आये, तू न्हाईस तर मला फोटोच नको."

राहीबाई बाजूला सरकली, तर गोरक्षनं तिचा हात धरला. आईच्या देखत! कारभारी म्हणाला, "मावशी, मी हुतो की उभा." त्यावर भीमाबाई कडाडली, "परका गडी सुनंजवळ हुभा करू व्हय रं?" कारभारी मागे सरला. या घोळात वेळ चालला होता, आणि धुकंही उठेना. "इथे ढगाचा फोटो येईल, माणसांचा नाही," असं म्हणून आप्पासाहेबांनी स्टँड आवरलं.

किल्ल्यापाशी गेलो तर पुलाच्या अलीकडेच पहारेकऱ्यानं बंदूक आडवी धरली. लढाईच्या दिवसांत किल्ल्यासमोर कॅमेरा घेऊन कोण आलं, ही चौकशी त्याला करायचीच होती. आप्पासाहेबांना बाजूला घेतलं. कॅमेऱ्याची पेटी उघडायला सांगितली. पेटी उघडली असती तर तो एक उरलेला फोटोही उजेडानं जळाला असता. आप्पासाहेब पेटी छातीशी धरून उभे, पहारेकरी तापलेला. शेवटी गोरक्ष पुढे झाला, सलाम ठोकला, आपला कागद दाखवला आणि हळूच काहीतरी बोलला. पहारेकऱ्यानं त्या दोघी बायकांकडे पाहिलं आणि बंदूक बाजूला घेतली. "जाओ, जल्दी जाओ," एवढंच तो म्हणाला. सुटलो, पण फोटो राहिलाच, आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

"आता दुकानाच्या दारात उभं राहून काढू," आप्पासाहेब म्हणाले.

तेव्हा राहीबाई पहिल्यांदा बोलली. "माझ्या म्हायेरच्या ओट्यावरून चांदबीबीचा म्हाल दिसतो. ल्हानपनापासून बघत आले. तिथं गेलो आस्तो तर..." आणि तिनं डोंगराकडे मान वळवली.

कारभारीनं आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तुफान्या, जमंल का रं?" 

मित्रांनो, जायचे चार कोस आणि यायचे चार कोस, त्यात डोंगराचा चढ. पण असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? मी पळालो. भिंगार मागे पडलं. समोरून फौजेचे ट्रक येत होते, एकामागून एक, त्यांच्या भोंग्यांनी माझे कान फुटायची वेळ आली. एकदा चाक रस्त्याखाली उतरलं आणि टांगा कलंडता कलंडता वाचला. कारभारीनं चाबूक उचललासुद्धा नाही. चढाला सगळे खाली उतरले, गोरक्षनं मागून टांग्याला खांदा लावला. वर पोचलो तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता.

माथ्यावर लख्ख ऊन होतं. महाल असा दिसत होता की आप्पासाहेबसुद्धा क्षणभर तिरसटपणा विसरले. पण माणसं तीनच होती.

भीमाबाईनं डोक्याला हात लावला. "येवढं आलो आन् पुन्हा त्येच!"

राहीबाई म्हणाली, "आत्याबाई, ह्यो घोडा हाय की चौथा. त्यो का जीव न्हाई?"

 कारभारीचा चेहरा उतरला. "घोडं लई घामाजलंय, मावशी, त्येला नगा घेऊ," तो घाईघाईनं म्हणाला. पण आप्पासाहेबांना ती युक्ती पसंत पडली होती. "घोडा घ्या. पण ती ढापणं काढ रे. जनावराचं तोंड दिसलं पाहिजे."

कारभारी जागचा हलेना. मग आप्पासाहेबांनीच पुढे येऊन ढापणं काढली.

भीमाबाई माझ्या डाव्या बाजूला उभी होती. खेड्यातली बाई, जनावरांत जन्म गेलेला. तिनं पाहिलं. थेट भोवऱ्याकडेच पाहिलं.  मला वाटलं, आता ही किंचाळणार. मला हाकलणार. पोरगा फोटोशिवाय जाणार, आणि तोही माझ्यामुळे. लांबून कॅम्पाकडचा भोंगा ऐकू आला. गोरक्षनं दचकून सूर्याकडे पाहिलं.

भीमाबाई एक पाऊल पुढे आली. तिनं आपला उजवा हात उचलला आणि माझ्या डोळ्याखाली ठेवला. बरोबर भोवऱ्यावर. तळहात खरखरीत होता.

"काढा," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी फोटो काढला.

परतीच्या वाटेनं मी कसा आलो ते मला आठवत नाही. कॅम्पाच्या फाटकाशी गोरक्ष उडी मारून उतरला, आईच्या पाया पडला आणि पळत आत गेला. मागे वळून पाहायलाही त्याला सवड झाली नाही.

तो फोटो मोठा करून आप्पासाहेबांनी दुकानाच्या काचेत लावला. लोक थांबून पाहायचे आणि म्हणायचे, "बघा, म्हातारी किती मायेनं कुरवाळतीय घोड्याला!" मी टांग्याला जुंपलेला, समोरच उभा. खरं काय ते मलाच ठाऊक.

लढाई संपली. पंधरवडाच चालली, पण कारभारीला महिनाभरानं कुणीतरी सांगितलं, "फोटोतला तो जवान जबर जखमी झाला म्हणे. वाचतो का नाही कोण जाणे."  दुसऱ्या दिवशी खरारा करताना त्याचा हात माझ्या भोवऱ्यापाशी थांबला. मित्रांनो, दोन मालकांनी मला घराबाहेर काढलं तेव्हा मला राग आला होता. कारभारीचा हात थांबला तेव्हा मी आतून मोडलो. साऱ्या जगात तो एकच माणूस माझे पाय पाहणारा होता.

पुढच्या साली पाऊस पडलाच नाही. माणसांना खायला नाही तिथे घोड्याला कोण विचारतं? कडबा मिळेना. माझ्या बरगड्या वर आल्या. हिवाळा आला तरी नगर बघायला कोणी फिरकेना, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एके सकाळी कारभारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुफान्या, उद्या तुला बाजारात नेतो." वाळक्या, आसुढाळ घोड्याचं दुष्काळात कोण आणि काय करतं, हे मला सांगायला नको होतं.

त्याच दिवशी दुपारी एस्टीतून भीमाबाई उतरली. ती सरळ माझ्याकडेच चालत आली. मी मान खाली घातली. ही शिव्याशाप द्यायला आली, दुसरं काय! तिनं माझी ढापणं वर केली, भोवरा पाहिला आणि कारभारीला म्हणाली, "ह्येच्या डोळ्याखालचं मी त्याच दिशी बघितलं हुतं."

कारभारी हात जोडून म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. मी सांगाया पायजे हुतं."

"कशाचं चुकलं? ह्येला नगं म्हनावं तर मागं तिघंच उरत हुतो. मग म्हनलं, तिघांपरीस ह्यो जित्ता जीव बरा. हात ठिवला आन् देवाला म्हनलं, आता तू आन् ह्यो बघून घ्या." तिनं मागे वळून हाक मारली, "आरं या की हळूहळू!"

एस्टीच्या दारातून एक कुबडी बाहेर आली. मग एक पाय. मग गोरक्ष. दुसरा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याच्या मागे राहीबाई, कडेवर तीन-चार महिन्यांचं लेकरू.

"लोक म्हनत्यात, आपशकुनी घोडं जवळ केलं म्हून पाय गेला," भीमाबाई म्हणाली. "मी म्हनते, घोडं हुतं म्हून निस्ता पायच गेला."

कारभारीनं तोंड फिरवलं आणि डोक्याचा टॉवेल डोळ्यांना लावला. बाजाराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

त्यांना पुन्हा त्याच जागी फोटो हवा होता. मी नेलं. पळत नव्हे, थांबत थांबत. महाल तसाच होता, पण डोंगरावर गवताची काडी नव्हती. आप्पासाहेबांनी स्टँड रोवलं, बोटानं माणसं मोजली आणि खूश होऊन म्हणाले, "आता चौघं झाले. घोड्याची गरज नाही."

"गरज कशाला लागतीय?" भीमाबाई म्हणाली. "घरचाच हाय त्यो. कारभारी, आन त्येला हिकडं. आन् ते ढापान काढ."

मी तिच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिलो आणि डावा गाल तिच्याकडे केला. तिचा हात येईल म्हणून वाट पाहिली. हात आला नाही. तिनं नातू घेतला होता, दोन्ही हातांनी धरून.

"आत्याबाई, त्ये दिसंल की फोटोत," राहीबाई हळूच म्हणाली.

"दिसू दे," भीमाबाई म्हणाली.

मित्रांनो, कारभारीनं माझी ढापणं कापून आता साधी केली आहेत. दुष्काळ अजून सरलेला नाही, पण भीमाबाई एस्टीतून येते तेव्हा पदरात बांधून माझ्यासाठी काहीतरी आणते. तुमच्या दारात एखादं जनावर असेल, तर त्याचे खूर बघा, त्याचं पोट भरलंय का ते बघा, वर्षातून एकदा त्याच्या डोळ्यांत बघा. बाकीचं त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. आणि कापड बाजारात आलात तर आप्पासाहेबांच्या काचेपाशी थांबा. दोन्ही फोटो शेजारी लावले आहेत. दुसऱ्यात माझा भोवरा स्वच्छ दिसतो.