मरळ गेली आणि पाणी हिरवं झालं

श्रीरामपूरच्या बाहेर शलमोन आणि मार्थाबाईंची पेरूची बाग होती, आणि बागेला पाणी द्यायला शेततळं. कालव्याचं पाणी तळ्यात घेताना त्याच्याबरोबर मासेही आले होते. बोटाएवढे चंदेरी मासे आणि एक काळी, जाडजूड मरळ. ही मरळ मधूनच हवा घ्यायला वर यायची आणि पुन्हा बुडी मारायची. शलमोनला ते बघत काठावर बसायला फार आवडायचं.

मार्थाबाईंचा जीव बदकांवर. तळ्याच्या काठालाच त्यांनी बदकांचं खुराडं बांधून घेतलं होतं. एका सकाळी पिल्लं आईमागून पाण्यात उतरली आणि मार्थाबाईंच्या डोळ्यांदेखत शेवटचं पिल्लू खाली ओढलं गेलं.

"अवं, तुमच्या लाडकीनं पिल्लू गिळलं माझं!"

"मरळ हाय ती. ती काय पेरू खाणार?"

"आजच्या आज काढा तिला. न्हाईतर उद्यापास्नं सैपाक तुमचा तुमी करा."

शलमोनने गळ टाकला. मरळ लागली. मार्थाबाईंनी रागाच्या भरात तिखट जरा जास्तच घातलं, पण कालवण असं झालं की शलमोनने रुसवा विसरून पुन्हा वाढून घेतलं.

महिना-दीड महिना गेला आणि तळ्याचं पाणी हिरवं पडलं. मग आणखी हिरवं, वाटलेल्या पालकासारखं. ठिबकचा फिल्टर शेवाळाने तुंबायला लागला. शलमोन सकाळी तो धुवायचा, दुपारी पुन्हा धुवायचा. तरी झाडांच्या ओळी अर्ध्या कोरड्याच राहायच्या.

रविवारी चर्चमधून त्यांची मुलगी आराधना जेवायला आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिने काचेचा ग्लास तळ्यात बुडवला आणि उजेडात धरला.

"पप्पा, यातल्या पाणपिसवा कुठं गेल्या?"

"कोण?"

"मोहरीपेक्षा बारीक किडे. पाण्यात टुणटुण उड्या मारतात. गेल्या वर्षी ग्लासभर पाण्यात कितीतरी दिसायच्या. हे हिरवं शेवाळ त्याच खातात."

"मग त्यांना कोण खातं?"

तिने तळ्याच्या मध्याकडे बोट केलं. बोटाएवढ्या माशांचे थवेच्या थवे मधल्या पाण्यात मजेत फिरत होते. "आणि ह्यांना खाणारं कोण होतं?"

मग शलमोन हळूच म्हणाला, "तिला आपन खाल्लं."

आराधनाला हसू आवरेना. शलमोनला मात्र जोर चढला. "बघ मार्था! मी सांगत हुतो."

"थांबा पप्पा. शेवाळाला रोज खत कोण घालतंय? आई, खुराडं धुतलेलं पाणी कुठं जातं?"

मार्थाबाईंनी उताराकडे पाहिलं. पाणी सरळ तळ्यात जात होतं. "बाई गं," त्या पुटपुटल्या, "म्हंजे मीबी हायेच यात."

त्याच आठवड्यात खुराडं पेरूच्या झाडांखाली हललं. शलमोनने जुन्या मच्छरदाणीने बारके मासे काढून पाहिले, पण थोड्याच दिवसांत तळं पुन्हा त्यांनी भरलं.

"मी काढायला लावली, आता मीच आनते," म्हणत मार्थाबाई प्रवरासंगमला गेल्या आणि कोळ्याकडून दोन जिवंत मरळी घेऊन, पत्र्याच्या डब्यावर फडकं बांधून एसटीत बसल्या.

"मावशी, डब्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"कालवन."

तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली. फडकं सुटलं आणि एक मरळ थेट कंडक्टरच्या बुटावर पडली. बायकांनी पाय वर घेतले, कुणी "साप, साप!" ओरडलं. मार्थाबाईंनी पदर टाकून मरळ धरली, पण ती पदरासकट सटकून सीटखाली गेली. शेवटी कंडक्टरनेच तिला दोन्ही हातांनी उचलून डब्यात टाकलं.

"मावशी, तुमचं कालवन अजून शिजलं न्हाई," तो म्हणाला, आणि अख्खी बस हसली.

मरळी तळ्यात सोडल्या. बारके मासे कमी व्हायच्या आधीच त्यांची मस्ती उतरली. मधलं पाणी सोडून ते काठाला चिकटून राहू लागले. हळूहळू त्यांची गर्दी ओसरली, पाणपिसवा दिसायला लागल्या, हिरवा रंग फिकटला. कालव्याचं नवं पाणी आलं की तो पुन्हा थोडा चढायचा, मग आपोआप उतरायचा. शलमोनने फिल्टर आता चार-पाच दिवसांनी धुतला तरी चालायचं. बदकाची पिल्लं मोठी होईपर्यंत सिमेंटच्या हौदात पोहायची.

डिसेंबरात आराधना तिच्या वर्गाला तळं दाखवायला घेऊन आली. मार्थाबाईच पुढे होऊन सगळं सांगत होत्या. एका मुलीने विचारलं, "मावशी, मग मरळ चांगली का वाईट?"

मार्थाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"तिला भूक लागती, ती खाती," त्या म्हणाल्या. "चला, तुमीबी लई लांबून आलाय. भाकरी तयार हाय."