मैनेचं दूध

फाल्गुन सरता सरता असा पाऊस येईल हे पनवेलजवळच्या नेऱ्यात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या, वालाची मळणी उरकली होती. तेवढ्यात डोंगराकडून वारा सुटला, गारा पडल्या, आणि मग ते लांबतच गेलं. दिवसभर बारीक पाऊस आणि हाडात शिरणारा गारठा. चंद्रावतीने पेटीत टाकलेली गोधडी पुन्हा बाहेर काढली. स्वतःसाठी नाही, तबेल्यात दोन घोड्या गाभण होत्या म्हणून.

तबेला तिच्या धाकट्या भावाचा, तुळशीरामचा. उलव्याकडची त्यांची शेती विमानतळात गेली, बदल्यात प्लॉट मिळाले. तुळशीरामने त्यावर इमारत उठवायला घेतली, नेऱ्याला फार्महाऊस बांधलं, आणि लहानपणापासूनची हौस म्हणून घोडे पाळले. त्यांचा बाप पनवेल स्टेशनवर टांगा हाकायचा. दोघं भावंडं घोड्याच्या पायात वाढली होती. पुढे चंद्रावतीचा नवरा वारला, तेव्हा ती भावाकडे आली. त्याच्या आधीच, माहेर तुटायला नको म्हणून, तिने जमिनीवरचा आपला हक्क त्याच्या नावे सोडला होता. त्याने तिला तबेल्यामागची खोली दिली आणि घोडे तिच्या हवाली केले.

बिजली ही शर्यतीची घोडी, पांढरीफेक. घोडागाडीच्या शर्यतीत तिने जिंकलेल्या ढाली तुळशीरामच्या दिवाणखान्यात ओळीने मांडल्या होत्या. दुसरी मैना. माथेरानला पर्यटकांना पाठीवर घेऊन तिची उमर गेली, मग घोडेवाल्याने काढून टाकली. बुटकी, पोटाशी गोल, स्वभावाने गरीब. ती कशी गाभण राहिली हे कुणी विचारलं नाही आणि तिच्या विण्याकडे कुणी डोळे लावून बसलं नव्हतं.

आधी मैनाच व्याली, भर पावसात, सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळी. शिंगरू तांबूस होतं, ओल्या मांजरासारखं. चंद्रावतीने त्याला गोणपाटाने खसाखसा पुसलं, नाळेला औषध लावलं, आणि ती मागे सरते न सरते तोच ते चार पाय चहूकडे फाकवून उभं राहिलं. एकदा पडलं, पुन्हा उठलं, आईच्या मांडीला ढुशा देत देत त्याला सड सापडला. चंद्रावती एकटीच हसली.

बिजलीचं तसं झालं नाही. दोन दिवसांनी दुपारी तिला शिंगरू झालं, चांगलं उंच, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, पण ती स्वतः उठेना. हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या. तुळशीरामने डॉक्टर सॅली पेझारकरला फोन लावला. ती पनवेलची बेने इस्रायल, मराठी ज्यू. भाऊ इस्रायलला गेले, ती आईपाशी राहिली आणि नवीन पनवेलमध्ये गुरांचा, कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवत होती. रेनकोटावरचं पाणी निथळवत ती आली, घोडीपाशी बसली, हात धुतले आणि चंद्रावतीला बाजूला घेतलं.

"मावशी, आत रक्त जातंय. ही नाही वाचणार. जिवंत आहे तोवर चीक काढून घ्या. पिल्लाला तो मिळायलाच हवा."

चंद्रावतीने मरत्या घोडीच्या पोटाशी बसून लोट्यात चीक काढला. बिजली मान वळवून एकदा शिंगराकडे बघत होती, एकदा तिच्या हाताकडे. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली. तुळशीराम भिंतीला टेकून रडला. खरंच रडला. चंद्रावतीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सॅली जाताना सांगून गेली, "मैनेच्या अंगावर दोन्ही पिल्लं राहतील. दोघांनाही वरून बाटली द्यायची. मेहनत आहे, पण जमेल. फक्त दोघांना कोरडं आणि गरम ठेवा."

तिची गाडी फाटकाबाहेर पडली आणि तुळशीरामने डोळे पुसले.

"दोघांना नाय. मैनेचं दूध बिजलीच्या पोराला."

"अन् तिच्या पोराला?"

"त्याला काय? तट्टाचं पोर ते. वरच्या दुधावर जगलं तर जगलं."

"तुलशा, डॉक्टरीण बोलली ना, दोघं जगतील. मी करते सगळं. तुला काय करायला लागतंय?"

"अर्धपोटी घोडा शर्यतीत धावत नाय, बाय. बिजलीचं एवढंच उरलंय मना." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मी तुझ्याकडं कधी काय मागितलंय का?"

त्याने एकदाच मागितलं होतं आणि तिने दिलं होतं. पण भाऊ समोर सुजल्या डोळ्यांनी उभा होता, बिजली अजून तिथेच ताडपत्रीखाली पडलेली होती, आणि चंद्रावतीला आयुष्यात त्याला नाही म्हणायची सवय नव्हती. ती कामाला लागली.

परक्या शिंगराला घोडी सहजासहजी जवळ करत नाही. मैनेच्या शिंगराला ज्या गोणपाटाने पुसलं होतं तेच तिने बिजलीच्या शिंगराच्या पाठीला बांधलं. त्याच्या मानेला, कुल्ल्यांना मीठ चोळलं. मैनेचं शिंगरू उचलून खोलीत नेलं, आणि परत येऊन मैनेच्या डोळ्यांवर आपला पदर धरला. मैनेने हुंगलं, कान पाडले, एक लाथ झाडली. शिंगरू पुन्हा पुढे झालं. मैनेने पुन्हा हुंगलं, मिठाची चव घेतली, आणि चाटायला लागली. थोड्या वेळाने गटगट पिण्याचा आवाज आला.

"तुझ्या हाताला गुण हाय, बाय," तुळशीराम म्हणाला.

चंद्रावती पदर सोडून तिथून निघाली. हेच काम आपल्या हातून थोडं बिघडलं असतं तर, हा विचार तिच्या मनात आला आणि मग तो गेलाच नाही.

खोलीत मैनेचं शिंगरू दाराला नाक लावून उभं होतं. आदिवासी वाडीवरच्या गंगाबाईकडे शेळ्या होत्या. ती डोक्यावर प्लास्टिक घेऊन चिखलातून दूध घेऊन आली. दोघी बायांनी मिळून शिंगराला बाटलीची सवय लावली. बाटली उंच धरली की दूध छातीत जातं, म्हणून चंद्रावती गुडघ्यावर बसून खालून धरायची. आधी त्याने तोंड फिरवलं. मग ओढायला लागलं. गंगाबाई म्हणाली, "जगंल गं हा. वढ बघ किती हाय त्याची."

पण पोट भरलं तरी ते आईला हाक मारायचं. बारीक, चिरका आवाज. आणि तबेल्यातून मैना त्याला उत्तर द्यायची. पावसाच्या आवाजातूनही दोघांचं चालूच. मैना फेऱ्या मारायला लागली, वैरण टाकली तर नुसती हुंगायची. बिजलीचं शिंगरू तिच्या मागे मागे फिरून दमायचं.

तुळशीरामने दोन दिवस ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा प्रणित टेम्पो घेऊन दारात उभा राहिला.

"आत्या, पप्पा बोलले, ह्याला उलव्याच्या साइटवर ठेवायचं. ह्याचा आवाज ऐकू येतो तोपर्यंत घोडी पान्हा सोडणार नाही म्हणतात."

"साइटवर? त्या इमारतीला भिंती कुठं हायत?"

"वॉचमन आहे ना. तो बघेल."

"वॉचमन बाटली पाजील?"

प्रणितने टेम्पोची मागची फळी उघडली. तो वाईट मुलगा नव्हता. बापासमोर बोलायची सवय त्यालाही नव्हती, एवढंच.

चंद्रावती स्वतःच निघायच्या तयारीला लागली तसा तुळशीराम ओटीवरून म्हणाला, "तू कशाला जातेस? हिकडं मैनेला कोण बघील?"

"ज्याला दूध पायजे त्याने बघावं," चंद्रावती म्हणाली, आणि शिंगराला गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढली. भावाला इतकं वाकडं उत्तर तिने कधी दिलं नव्हतं.

उलव्यात जिकडे तिकडे क्रेन आणि अर्धवट इमारती. खाडीवरून येणारं वारं त्या उघड्या स्लॅबमधून आरपार जायचं. वॉचमनने एका कोपऱ्यात ताडपत्री ताणून दिली, दूध कोमट करायला आपली शेगडी दिली. चंद्रावतीने सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या अंथरल्या, त्यांवर भुसा टाकला, आणि शिंगराला पोटाशी घेऊन बसली. पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त यायचा. ताडपत्री फडफडायची, शिंगरू दचकायचं. गंगाबाईचं दूध प्रणित सकाळ-संध्याकाळ आणून देत होता. कधी वेळेवर यायचा, कधी वाहनांच्या रांगेत अडकायचा.

त्या स्लॅबवरून पूर्वी त्यांची भातखाचरं कुठे होती ते चंद्रावतीला ओळखू येईना. तिने एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

शिंगराने हाका मारणं थांबवलं. प्रणितला वाटलं रुळलं. चंद्रावतीला कळलं की काहीतरी बिघडलंय. त्याचं तोंड थंड लागत होतं, बरगड्या भराभर हलत होत्या. तिने सॅलीला बोलावून घेतलं. सॅलीने छातीला नळी लावली, इंजेक्शन दिलं, आणि आजूबाजूला पाहिलं.

"याला इथे कुणी आणलं?"

चंद्रावतीने शिंगराच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

"मावशी, मी याला दवाखान्यात नेते. आता, माझ्या गाडीतून."

"न्या."

पण गाडीत ठेवायला उचललं तेव्हाच त्याची मान चंद्रावतीच्या हातावर लुळी पडली. सॅलीने छाती दाबून पाहिली, तोंड साफ केलं, पुन्हा दाबली. मग ती तिथेच ओल्या पायरीवर बसली.

प्रणित येईपर्यंत पाऊस थांबला होता. स्वच्छ ऊन पडलं. इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत मातीचा भराव चालू होता. प्रणितने माणसांना सांगून शिंगरू तिथेच पुरलं, वर डंपर रिकामा झाला. चंद्रावती गोधडी घेऊन उभी होती. ती बरोबर पुरायची तिची इच्छा होती, पण तेवढ्यात माती पडलीसुद्धा.

तुळशीरामचा फोन आला तो संध्याकाळी.

"बाय, बिजलीचं शिंगरू हगवणीला लागलंय. अंग टाकतंय. ये बघू लवकर."

"डॉक्टरणीला बोलाव."

"ती येते. पण मैना कुणाला जवळ येऊ देत नाय." मग जरा थांबून, "आता तिकडं तुझं काय काम उरलंय?"

म्हणजे त्याला प्रणितने सांगितलं होतं.

ती गेली. भावासाठी नाही. टिळ्याच्या त्या पोराने कुणाचं काय बिघडवलं होतं? तबेल्यात शिरली तशी मैना सरळ तिच्यापाशी आली. तिचे हात हुंगले, मग पदर, मग निऱ्या, मग पुन्हा पदर. घशातल्या घशात, हळू आवाजात, शिंगराला जशी हाक मारतात तशी हाक मारायला लागली. अंगावरचं लुगडं बदलायचं चंद्रावतीला सुचलं नव्हतं. आता मागे फिरावं तरी मैना तिला सोडेना. ती तशीच उभी राहिली आणि मैनेला हुंगू दिलं.

बिजलीचं शिंगरू वाचलं. सॅलीने सलाईन लावलं, चंद्रावतीने शेक दिला, पाठ धरून धरून त्याला उभं केलं. ऊन पडायला लागल्यावर ते आवारात उड्या मारू लागलं, आणि तुळशीरामने त्याचं बारसं घातलं. फाटकावर फलक लागला, त्यावर शिंगराचा हार घातलेला फोटो आणि खाली नाव, युवराज. पनवेल, उरणकडची शर्यतवाली मंडळी गाड्या भरभरून आली. मटणाची पंगत बसली.

तुळशीरामने सगळ्यांसमोर चंद्रावतीच्या हातावर लुगडं ठेवलं. "हा वाचला तो माझ्या बायमुळं. बहीण असावी तर अशी."

पाहुण्यांतल्या काशिरामदाजींना घोड्यांची भारी हौस. ते म्हणाले, "दुसरं पण शिंगरू होतं ना रं? मैनेचं?"

"ते जन्मापासूनच दुबळं होतं," तुळशीराम म्हणाला. "नाय तगलं."

"दुबळं नव्हतं," चंद्रावती म्हणाली.

ती ओरडली नाही. पण पंगतीला ऐकू गेलं.

"जन्मल्या जन्मल्या उभं राहिलं होतं, दाजी. मैनेचं दूध तोडून मी ह्याला लावलं, तुलशाने सांगितलं म्हणून. मग आयशीला हाक मारतंय म्हणून त्याला उलव्याच्या साइटवर धाडलं, वाऱ्यात. आता तुलशाच्या पार्किंगच्या भरावाखाली हाय. प्रणितला विचारा."

वाढपी हातात पातेलं घेऊन थांबला. प्रणित पत्रावळीकडे बघत होता. काशिरामदाजींनी तोंडातला घास गिळला.

"वाढ रे," तुळशीराम वाढप्याला म्हणाला. "इकडं रस्सा आण."

रस्सा आला. लोक जेवले.

त्या दिवसापासून तुळशीराम तिच्याशी बोलायचा बंद झाला. घालवून दिलं नाही, चार लोकांत बरं दिसलं नसतं. ताट मात्र खोलीत यायला लागलं. निघून जावं असं तिच्या मनात यायचं, पण जायचं कुठे? नवऱ्याचं गावही धावपट्टीखाली गेलं होतं. जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि त्याने काही हलकं वाटलं नव्हतं. ते पहिल्या संध्याकाळी, तबेल्यात, मैनेच्या डोळ्यांवर पदर धरायच्या आधी बोलायला हवं होतं. तेव्हा त्याचा उपयोग होता.

मैना विसरली. युवराज जरा लांब गेला की कासावीस व्हायची, परत आला की त्याची मान चाटायची. तिला तसं बघून एका सकाळी चंद्रावतीला तिचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. ऊन चढायला लागलं होतं. तिने बादली उचलली आणि दोघांसाठी पाणी आणायला गेली.