आधी आजारी जनावर

ओमुराली म्हाताऱ्याची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. सकाळी उठला की तो आधी आजारी जनावराकडे जायचा. चहा नंतर, बाकीचा कळप नंतर. लंगडी मेंढी असो, ताप भरलेलं कोकरू असो, त्याच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय म्हाताऱ्याचा दिवस सुरू होत नसे. चाळीस वर्षं त्याने डोंगरावर असेच कळप राखले आणि याच सवयीपायी त्याचा मान होता. त्यात चूक ती काय? मी तर म्हणेन, माणसाने असंच असावं.

दोन वर्षांपूर्वी त्याने कळप विकला आणि इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठाशी ट्राउट माशांचे सात पिंजरे टाकले. सहा एका रांगेत, खोल पाण्यात. सातवा वेगळा, धक्क्याला लागून. हे सगळं केलं ते मुलासाठी. एल्दियार सहा वर्षं मॉस्कोत टॅक्सी हाकत होता. त्याच्या बायकोने, चिनाराने, नवऱ्याला त्या सहा वर्षांत मोजून चार वेळा पाहिलं होतं. यंदाचा मासा ऑक्टोबरपर्यंत तगला तर एल्दियार कायमचा परतणार, असं ठरलं होतं. त्याने टॅक्सी सोडून देण्याचं मालकाला सांगूनही ठेवलं होतं.

कळप गेला, सवय राहिली. ती म्हाताऱ्याबरोबर बोटीत येऊन बसली.

ऑगस्टमध्ये पाणी तापलं आणि चौथ्या पिंजऱ्यात मासे मरू लागले. अंग काळवंडलेलं, डोळे बाहेर आलेले, कल्ले फिकट. म्हातारा उजाडताच थेट चौथ्याकडे बोट न्यायचा. लांब दांड्याच्या जाळ्याने मेलेले काढायचा, अर्धमेल्यांना हातात धरून न्याहाळायचा, त्यांच्याशी काहीबाही बोलायचा. मग त्याच बोटीतून, तेच जाळं घेऊन पाचवा, सहावा, आणि परत फिरताना तिसरा, दुसरा, पहिला. सातव्याला खाद्य घालायचं काम चिनाराचं होतं. तिची छोटी होडी वेगळी, जाळं वेगळं. वहीही तिच्याकडेच असे. तारीख, पिंजरा, मेलेले किती, कारण काय, असे चार रकाने. म्हातारा काठावर येऊन आकडे सांगे, ती लिहून घेई.

सोमवारी तिने तो आकड्यांचा रकाना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, कालिपांना, फोनवर वाचून दाखवला. आधी चौथा, मग पाचवा, मग सहावा.

कालिपाबाईंनी आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "सासरे फेरी कुठून सुरू करतात गं?"

"चौथ्यापासून. तिथं आजारी आहेत ना."

"अगं बाई! उलटं पाहिजे! आधी धडधाकट, शेवटी आजारी. रोग जाळ्याला चिकटून जातो, हाताला चिकटून जातो. स्वतःच्या हाताने वाटत सुटलेत ते! अजून चार पिंजरे शाबूत आहेत. आजच सांग त्यांना. मी शुक्रवारी येतेच."

आजच सांग! कालिपाबाई शहरातल्या. त्यांना सांगायला काय जातं? चिनारा या घरात येऊन दहा वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती. सासऱ्याचं नाव तर तिच्या जिभेला शिवलंच नव्हतं. एकदा सरकारी कचेरीत नाव विचारलं तेव्हा तिने कागद शेजारच्या बाईपुढे सरकवला होता, तुम्हीच वाचा म्हणून. आणि म्हातारा चार लोकांत छाती फुगवून सांगायचा, "आमच्या सुनेनं दहा वर्षांत माझ्यापुढं तोंड उघडलं नाही!" लोक माना डोलवायचे. अशा सुनेने सासऱ्याला तोंडावर काय सांगायचं? की आबा, तुमच्या मायेनेच मासे मरताहेत?

तिने आडून प्रयत्न केला. धक्क्यावर औषधाच्या पाण्याची बादली भरून ठेवली.

"हे कशाला?" म्हातारा म्हणाला.

"जाळं धुवायला, आबा."

"मासा पाण्यातला, जाळं पाण्यातलं, आणि धुवायचं काय त्यात?" तो हसला. "उद्या पाणीसुद्धा धुवायला सांगशील." आणि लाथेने बादली बाजूला सारून तो चौथ्याकडे निघून गेला.

तिने नवऱ्याला फोन केला.

"मी सांगू आबांना? इथून?" एल्दियार म्हणाला. "म्हणतील, टॅक्सीवाला मला जनावरं राखायला शिकवतोय. शुक्रवारी बाई येताहेत ना? त्यांचं ऐकतील. परक्या माणसाचं ऐकतात ते. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

चार दिवसांचा प्रश्न. मंगळवारी तिसऱ्यात बारा मेले. बुधवारी दुसऱ्यात नऊ. रोग रांगेने नव्हता जात. टोकाच्या सहाव्यावरून त्याने थेट तिसऱ्यावर उडी मारली होती, अगदी म्हाताऱ्याची बोट वळते तशी.  आकडे लिहिताना चिनाराचे डोळे भरून यायचे आणि म्हातारा उलट तिचीच समजूत घालायचा, "रडू नको पोरी. जनावर आहे, मरायचंच. आपण सेवेत कमी पडलो नाही ना, झालं तर." तेव्हा तिला ओरडावंसं वाटायचं. ती चहा ओतायची.

गुरुवारी पहिल्यातही आठ निघाले. म्हातारा आकडा सांगायला काठावर आला नाही. बोटीत तसाच उभा राहिला, डोक्यावरची उंच पांढरी टोपी काढून हातातल्या त्या टोपीकडेच बघत राहिला. मग त्याने वल्ही उचलली आणि बोट सातव्याकडे वळवली. निदान एक तरी धडधाकट मासा डोळ्यांनी बघावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

चिनारा अंगणात पीठ मळत होती. तिने पाहिलं आणि ती तशीच धावली.

"आबा!"

म्हाताऱ्याने मागे न बघता हात वर केला. आबा, चहा झाला. आबा, पाव काढलाय. दिवसातून वीस वेळा ती काठावरून हाक मारायची आणि तो असाच हात करायचा, आलो म्हणून.

"आबा! थांबा!"

पुन्हा हात वर. आणि दुसऱ्या हाताने जाळं सातव्या पिंजऱ्यात गेलं.

"ओमुराली!"

सरोवर शांत होतं, हाक दूरवर गेली. शेजारच्या बागेत जर्दाळू वेचणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. म्हातारा जागच्या जागी थिजला. बायको वारल्यापासून त्याला कोणत्याही बाईने नावाने हाक मारली नव्हती. जाळ्यात एक चांगला चकचकीत मासा तडफडत होता. त्याने तो हळूच पाण्यात सोडला आणि बोट धक्क्याला आणली.

तिने सगळं सांगितलं. कणकेचे हात झग्याला पुसत, मान खाली घालून, पण सगळं.

म्हातारा ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी," तो म्हणाला. बोटांवर मोजलं. "तिसरा, दुसरा, पहिला." मग म्हणाला, "आणि तू चहा देत राहिलीस."

"सून आहे मी, आबा."

 ते बोल त्याचेच होते, चार लोकांत मिरवलेले.

शुक्रवारी कालिपाबाई आल्या. "सातव्यात जाळं किती वेळ होतं?"

"एक मासा उचलण्यापुरतं," म्हातारा म्हणाला.

"मग दहा दिवस बघायचं. दहा दिवस काही झालं नाही, तर तो वाचला."

त्या दिवसापासून सगळं उलटं झालं. सकाळी आधी चिनारा सातव्याकडे जायची आणि म्हातारा धक्क्यावर वही घेऊन बसायचा. पलीकडे त्याचे आजारी मासे मरत असायचे, आणि तिचं होईपर्यंत त्याला त्यांच्याकडे जायची मुभा नव्हती. तो मांडी घट्ट धरून बसायचा. औषधाच्या पाण्यात हात बुडवून बुडवून त्याची कातडी फाटली होती.

"शून्य!" ती पाण्यावरून ओरडायची. तो लिहायचा. सहा दिवस शून्य. सहाव्या दिवशी तर त्याने एल्दियारला फोन करून विचारलं, तिकीट काढलंस का म्हणून.

सातव्या दिवशी पिंजऱ्याच्या कडेला एक मासा उलटा तरंगत होता. एखादा मासा असाच मरतो, चिनारा स्वतःला म्हणाली. तिने तो हातात घेतला. डोळे बाहेर आले होते. तिने अंगठ्याने कल्ला उचलला. लाल असायला हवा होता, तो धुतलेल्या लोकरीसारखा पांढरा होता.

काठावरून म्हातारा बघत होता. त्याने वही गुडघ्यावर धरली होती, पेन्सिल तयार होती. क्षणभर तिच्या मनात आलं, शून्य म्हणावं. आजचा दिवस त्याला जाऊ द्यावा. मासा पाण्याखाली दाबला की झालं.

"एक!" ती ओरडली. "कल्ले पांढरे!"

म्हाताऱ्याने खाली बघून लिहिलं. त्याला बराच वेळ लागला. मग वही धक्क्यावर ठेवली आणि तो उठून आजारी माशांकडे निघून गेला.

चिनारा काठावर आली. वहीत तारीख होती, पिंजरा सात, मेलेले एक. कारणाच्या रकान्यात रोज ती 'रोग' असं लिहायची. तिथे आज म्हाताऱ्याने वेड्यावाकड्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं.

तिने पेन्सिल घेतली आणि त्या नावाच्या शेजारी आपलं नाव लिहिलं.